सायकोपॅथला माया असते का?

“तो सायको आहे, त्याला कुणाची माया नाही,” असं लोधीखेड्यात म्हणा की नागपुरात, माना डोलावणारे भेटतातच. या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत, आणि त्यातला पहिला आजारी माणसांवर मोठा अन्याय करतो.

पहिला गैरसमज म्हणजे मनोरुग्णालाच सायकोपॅथ समजणं. रमन राघवला लोक आजही सायकोपॅथ म्हणतात. 1960च्या दशकात मुंबईत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्यांचे खून करणारा हा माणूस 1968मध्ये पकडला गेला. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मनोविकारतज्ज्ञांनी त्याला तपासलं, तेव्हा निदान निघालं स्किझोफ्रेनियाचं. फाशीची जन्मठेप झाली. 1995मध्ये तो पुण्यात वारला.

स्किझोफ्रेनियात नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी मागावर आहे असं ठाम वाटतं. सायकोपॅथला असं काही होत नाही. आपण काय करतोय ते त्याला नीट कळतं. समोरच्याचं दुःख मात्र काळजाला भिडत नाही. सौसरजवळच्या जामसावळीच्या हनुमान मंदिरात घरचे मानसिक त्रास असलेल्या ज्या माणसांना मोठ्या आशेने आणतात, त्यांच्यातल्या कुणाला असे भास होत असतील तर तो ‘सायको’ नव्हे. स्किझोफ्रेनियाचे बहुतेक रुग्ण कुणावर हात उगारत नाहीत, आईबापांवर, लेकरांवर त्यांचा जीव असतो, आणि औषधांनी पुष्कळ जण सावरतात. दर्शन जरूर घ्या, पण नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही दाखवा. 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक तर घरूनच लागतो.

दुसरा गैरसमज असा की सायकोपॅथच्या आत काहीच नसतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी 1941मध्ये लक्षणं मांडली, त्यात प्रेम करण्याची असमर्थता होतीच. पण रॉबर्ट हेअर यांची आज वापरली जाणारी मोजपट्टी 40 गुणांची आहे, म्हणजे हा स्वभाव कमीजास्त असतो. 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात सायकोपॅथ गुन्हेगारांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून, एका हाताने दुसऱ्याला कुरवाळल्याची किंवा दुखावल्याची दृश्यं दाखवली. नुसतं बघताना त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद इतरांपेक्षा मंद होता. त्या माणसाला काय वाटतंय ते स्वतः अनुभवायचा प्रयत्न करा, असं सांगितल्यावर फरक बराच कमी झाला.

म्हणून मला वाटतं, अशा माणसाला आपल्या माणसांची ओढ असू शकते, सोबत आवडू शकते, मुलाचा अभिमानही वाटू शकतो. पण लेकरू तापाने फणफणत असताना आपल्या पोटात जे आपोआप तुटतं, ते त्याच्या बाबतीत भरवशाचं नसतं.

‘सायको’ हा शिक्का घरात मारहाण करणाऱ्यावरही सहज मारला जातो, पण बायकोला मारणारा प्रत्येक नवरा सायकोपॅथ नसतो. ते ठरवायला प्रशिक्षित तज्ज्ञच लागतो. तो खरंच तसा असला, तरी ‘माझ्या प्रेमाने बदलेल’ म्हणून कुणी मार खात राहू नये. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागायला नवऱ्याच्या निदानाचा कागद लागत नाही.