सातबाऱ्यावरचे ‘इतर हक्क’ आणि ७८ लाख डॉलर

टेक्सासमधल्या डॅलस शहराच्या पोटात हायलंड पार्क (१९१३) आणि युनिव्हर्सिटी पार्क (१९२४) ही दोन उपनगरे आहेत. चहूबाजूंनी डॅलस, पण नगरपालिका आपापली. राज्यातल्या सर्वांत महागड्या जमिनींपैकी ही एक. इथेच १९२६मध्ये हायलंड पार्क प्रेस्बिटेरियन चर्चची मंडळी उभी राहिली. ऑक्टोबर २०१३मध्ये या मंडळीने ‘प्रेस्बिटेरियन चर्च (यूएसए)’ या मातृसंस्थेतून बाहेर पडण्याचा ठराव ८९ टक्के मतांनी मंजूर केला. तरीही स्वतःची वास्तू स्वतःकडे ठेवायला तिला ७८ लाख डॉलर मोजावे लागले.

इतके मताधिक्य असताना पैसे कशाचे?

‘प्रेस्बिटर’ म्हणजे वडील. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून स्थानिक कारभार पाहतात. परिसरातल्या मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी होते आणि सर्वांत वर महासभा असते. मालमत्तेवरही या उतरंडीची छाप आहे. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर मालक म्हणून नाव मंडळीचे, पण ‘इतर हक्कां’त नोंद मातृसंस्थेची. १९७९मध्ये जॉर्जियातल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चच्या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सुचवले, की असा हक्क हवा असेल तर संस्थांनी तो नियमांत स्पष्ट लिहावा. त्यानंतर ‘मंडळी मालमत्ता विश्वस्त म्हणून बाळगते’ हे कलम नियमावलीत आले.

आता एक साधी बेरीज. यादवी युद्धाच्या तोंडावर, १८६१मध्ये, उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे प्रेस्बिटेरियन वेगळे झाले. १२२ वर्षांनी, जून १९८३मध्ये, ते पुन्हा एक झाले. धास्तावलेल्या दक्षिणी मंडळ्यांना तेव्हा एक सवलत मिळाली: एकीकरणानंतर आठ वर्षांच्या आत, ठरलेल्या बहुमताने, मालमत्तेसह बाहेर पडा. १९८३ अधिक ८, म्हणजे १९९१.

हायलंड पार्कमध्ये मुदत संपता संपता, १९९१मध्येच, हा प्रश्न मताला आला. आवश्यक ती दोन तृतीयांश मते जमली नाहीत. ज्यांना राहणे शक्यच नव्हते, ते निघाले आणि जवळच ‘पार्क सिटीज प्रेस्बिटेरियन’ ही नवी मंडळी स्थापन झाली. जुनी वास्तू जागच्या जागी राहिली, मालमत्तेसह बाहेर पडण्याचे दार मात्र बंद झाले.

बावीस वर्षांनी मते पुरून उरली, पण सवलत संपलेली होती. मधल्या काळात मातृसंस्थेने २०११मध्ये समलिंगी संबंधांत असलेल्यांना दीक्षा देण्याची आडकाठी काढली आणि सनातनी मंडळ्या अस्वस्थ झाल्या. ऑगस्ट २०१३मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चचे मालमत्तावाद सर्वसाधारण कायद्याने सोडवण्याची भूमिका घेतली, आणि पुढच्याच महिन्यात हायलंड पार्कने प्रेस्बिटरीविरुद्ध दावा लावला. निकालाची जोखीम दोन्ही बाजूंना होती, म्हणून प्रकरण तडजोडीवर मिटले. मंडळी ‘इको’ या २०१२मध्ये निघालेल्या संस्थेत गेली. २०१४मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क या उपनगरी मंडळीने सुटकेसाठी सुमारे ८९ लाख डॉलर दिले.

मातृसंस्थेने अशा रकमांसाठी ताणून का धरले, हे तिच्या हजेरीपटावरून समजते. १९८३मध्ये सभासद सुमारे ३१ लाख होते. २०२४अखेर साडेदहा लाख उरले, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश घट. तेव्हाच्या सुमारे ८,४०० मंडळ्यांत सरासरी सव्वाशे सभासद भरत होते.

ही घट फक्त भांडणांची नव्हे. मंडळ्या बाहेर पडण्याची लाट जोरात असताना, २०१२मध्ये, वर्षभरात एक लाखाहून अधिक सभासद कमी झाले होते. लाट ओसरली, तरी २०२४मध्ये ४९ हजारांच्या आसपास गेलेच. सभासदांपैकी सुमारे एक तृतीयांश सत्तरीपलीकडचे आहेत.

दरवर्षी प्रत्येक मंडळीचा चिटणीस एक तक्ता भरून पाठवतो: किती बाप्तिस्मे, किती जण दाखला घेऊन दुसरीकडे गेले, किती मृत्यू. दाखला घेऊन जाणाऱ्यांशी मालमत्तेची बोलणी करता येतात, प्रसंगी कोर्टातही जाता येते. मृत्यूच्या रकान्यापुढे मात्र नियमावलीत एकही कलम नाही.