हिवतापाचे औषध प्रयोगशाळेत पारखतात कसे?



आपल्या काही सभासदांची मुले बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषध कारखान्यांत कामाला आहेत. पालघर जिल्ह्यात हिवतापही आहे. त्यामुळे गट कार्यालयात आल्यावर कोणी ना कोणी विचारते, "साहेब, नव्या गोळीने जंतू मरतो हे आधी कळते कसे?"

उसाच्या नव्या वाणासारखेच हे आहे. हजारो रोपे पारखावी, तेव्हा को ८६०३२ सारखा एखादा वाण शिवारात येतो.

हिवतापाचा जंतू माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत वाढतो. शरीराबाहेर तो टिकत नसे. १९७६ साली अमेरिकेत ट्रेगर आणि जेन्सन यांनी फॅल्सिपेरम जातीचा जंतू काचपात्रात सतत वाढवून दाखवला. बरणीत मेणबत्ती पेटवून झाकण लावायचे म्हणजे प्राणवायू कमी होतो, आणि ३७ अंश उष्णता ठेवायची. युक्ती साधी, पण तिच्यामुळे औषधे पारखणे सोपे झाले.

आता तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या ताटलीत ९६ खळगे असतात. त्यांत जंतू असलेले रक्त घालतात. पहिल्या खळग्यात औषध जास्त, पुढच्यात निम्मे, त्यापुढे त्याच्याही निम्मे. काही खळगे बिनऔषधाचे ठेवतात. आपण खताच्या चाचणीत एक वाफा बिनखताचा ठेवतो ना, तसेच. शेजारी तुलनेला क्लोरोक्विनसारखे जुने औषध. सुमारे ७२ तासांनी चमकणारा रंग घालतात. हा रंग केंद्रकातल्या द्रव्याला धरतो. तांबड्या पेशीला केंद्रक नसते, म्हणजे चमक दिसली ती जंतूची. जंतूची वाढ निम्मी करायला जितके कमी औषध लागेल तितके ते प्रभावी. मग तेच औषध माणसाच्या निरोगी पेशींवर घालून बघतात. जंतूबरोबर पेशीही मेली तर ते औषध कसले, विषच! त्यानंतर उंदीर, आणि शेवटी माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या.

गळती फार. एका मोठ्या कंपनीने सुमारे २० लाख रसायने तपासली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या यादीत साडेतेरा हजारांच्या आसपास उरली. त्यातूनही औषध होणारे विरळाच. आपल्या देशात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने आर्टिथर हे इंजेक्शन सिद्ध केले. मुंबईच्या थेमिस कंपनीने ते १९९७ साली बाजारात आणले.

आता मुद्द्याची गोष्ट. औषधाला दाद न देणारा जंतू प्रयोगशाळेत मुद्दाम तयार करायचा असेल, तर त्याला आधी थोडे औषध देतात आणि मग हळूहळू वाढवतात. दुबळे मरतात, चिवट तेवढे उरतात. ताप उतरला की गोळ्या टाकून देणारा माणूस घरबसल्या तेच करतो. क्लोरोक्विनला दाद न देणारा फॅल्सिपेरम भारतात १९७३ साली आसामात आढळला. आज फॅल्सिपेरमला ते औषध चालत नाही, दोन औषधे जोडून द्यावी लागतात.

दुसरे असे, की व्हायव्हॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून बसतो. म्हणून क्लोरोक्विनने ताप गेला तरी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. मात्र गरोदर बायांना आणि तान्ह्या मुलांना ते देऊ नये. इतरांनीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

तेव्हा थंडी वाजून ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. सांगितल्या तितक्या गोळ्या पुऱ्या करा. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. तोडणी मजुरांच्या तळावरही हे सांगावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी