पाद्रीबुवांच्या कुत्र्याचं कूळ

इंग्लंडातल्या खेडेगावच्या जत्रेत टेरियर कुत्र्यांची पारख चालते तेव्हा परीक्षक एक गोष्ट न चुकता करतो. कुत्र्याच्या मागे वाकून, पुढच्या पायांच्या लगेच मागून दोन्ही हातांनी छाती धरतो आणि त्याला अलगद उचलतो. छातीखाली बोटांना बोटं आणि वर कण्यावर अंगठ्याला अंगठा टेकला, तर कुत्रा पास. आपण वीत, मूठ, कोपर यांनी मोजतो तशातलंच हे माप. हातांच्या त्या कड्यात मावणारी छाती साधारण चौदा इंच घेराची असते आणि फॉक्सची छातीही जवळपास तेवढीच भरते. फॉक्स जिथे शिरतो तिथे त्याच्यामागे शिरता आलं पाहिजे, एवढाच त्या मापामागचा हिशेब.

फॉक्सला आपण सवयीने कोल्हा म्हणून टाकतो. आपला कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्सला मराठीत खोकड हा नेमका शब्द आहे, म्हणून पुढे खोकडच म्हणतो. टेरियर हा शब्द ‘जमीन’ या अर्थाच्या लॅटिन ‘टेरा’वरून आलेला. इंग्लंडच्या राणीचा वैद्य जॉन कायस याने सोळाव्या शतकात ब्रिटिश कुत्र्यांवर लॅटिनमध्ये छोटं पुस्तक लिहिलं, त्यात खोकड आणि बॅजर यांच्या बिळात घुसणारे हे कुत्रे आहेत. रंगरूपावर त्याने फार शाई खर्च केलेली नाही. ते करतात काय, हे मात्र तो सांगतो. टेरियर म्हणजे बिळातला कुत्रा, ही व्याख्या पुढची तीनशे वर्षं पुरली.

या लेखाचा विषय आहे जॅक रसेल टेरियर. या जातीला मूळपुरुष आहे आणि मूळमायही आहे, नाव-गाव-सालासकट. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. इथे ऋषी नाही, पण पाद्री आहे. आणि त्याच्या कुत्र्यांचं कूळ विचारायला गेलं की म्हणीत तथ्य आहे असं वाटू लागतं.

जॉन रसेलचा जन्म १७९५ सालचा, डेव्हन परगण्यात डार्टमथचा. शाळेत असतानाच त्याने एका मित्राबरोबर लपवून शिकारी कुत्रे पाळले होते आणि त्यापायी शाळेतून हकालपट्टी होता होता वाचली. पुढे ऑक्सफर्डला एक्सटर कॉलेजात गेला. १८१९ सालच्या मे महिन्यात, पदवी परीक्षेच्या अभ्यासाला म्हणून हातात पुस्तक घेऊन फिरत असताना, ऑक्सफर्डजवळच्या मार्स्टन गावात त्याला एक गवळी भेटला. गवळ्याबरोबर एक कुत्री होती. रसेलने ती तिथल्या तिथे विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प.

हे सगळं आपल्याला कळतं ते रसेलचे स्नेही डेव्हिस यांनी लिहिलेल्या चरित्रातून. तेही पाद्री आणि तेही शिकारीचे शौकीन, तेव्हा मजकुरात भक्तिभाव भरपूर. पण कुत्रीचं वर्णन त्यांनी हिशेबनिसाच्या काटेकोरपणे केलं आहे. अंग पांढरं, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद तपकिरी डाग, शेपटाच्या मुळाशी पेनीच्या नाण्याएवढा तसाच एक ठिपका. केस दाट, अंगालगत, किंचित खरखरीत, पाय सरळ, उंची मोठ्या मादी खोकडाइतकी. ट्रम्पचं चित्र पुढे प्रिन्स ऑफ वेल्सच्या सँड्रिंगहॅमच्या वाड्यात, खोगीर-लगाम ठेवायच्या खोलीत लागलं. राजघराण्यात दिवाणखान्याऐवजी पागेजवळ जागा मिळणं हा या कुत्रीचा सन्मानच समजायला हवा.

या वर्णनातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. अंग पांढरं, कारण बिळातून मातीने माखून बाहेर पडणारा लालसर कुत्रा मोठ्या हाउंडांच्या टोळीला खोकडच वाटेल आणि ते त्याच्या चिंध्या करतील. केस खरखरीत, कारण डेव्हनचा पाऊस आणि ओली माती. पाय लांब, कारण रसेलला घोड्यांमागे दिवसभर धावून वेळेवर बिळापाशी पोचणारा कुत्रा हवा होता. इतर ठिकाणी टेरियरला खोगिराच्या पिशवीत घालूनही नेत. शेपूट कापलं तरी मूठभर ठेवायचं, म्हणजे बिळात अडकलेल्या कुत्र्याला धरून ओढता येतं.

सर्वांत महत्त्वाचा गुण चित्रात दिसत नाही. टेरियरने खोकडाला मारायचं नसतं. अंधारात त्याच्यासमोर उभं राहून भुंकायचं, दमात घ्यायचं, तो बाहेर पळाला की आपलं काम संपलं. तो हटलाच नाही तर भुंकत राहायचं, म्हणजे वर जमिनीला कान लावलेल्या माणसांना कुदळ कुठे मारायची ते कळतं. फार तापट कुत्रा खोकडाला बिळातच मारून टाकतो, मग घोडेस्वारांची दौड फुकट. भित्रा कुत्रा आत जातच नाही. रसेलला या दोन टोकांमधला कुत्रा हवा होता आणि आपले टेरियर रक्ताला चटावलेले नाहीत याचा त्याला अभिमान होता. स्वभावाची ही मधली पट्टी पैदाशीतून टिकवणं रंग टिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड. रंग पिल्लाच्या अंगावर दिसतो. धीर दिसायला वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं, आणि तोवर पिल्लू कुणाला तरी देऊन झालेलं असतं.

रसेल १८३२ पासून जवळजवळ अर्धशतक स्विमब्रिज गावचा पाद्री होता. शिकारीच्या नादावरून एक्सटरच्या बिशपशी त्याचे खटके उडत. पैशाची ओढाताण तर कायमचीच. एकदा नव्हे, अनेकदा त्याला शिकारी कुत्र्यांचा ताफा मोडावा लागला. १८८३ साली तो वारला तेव्हा त्याच्याकडे चार म्हातारे टेरियर उरले होते, असं सांगतात.

सगळी मेख इथे आहे. ट्रम्पपासून त्या चौघांपर्यंत चौसष्ट वर्षांचं अंतर आणि मधली वंशावळ नाही. रसेलने बाहेरचं रक्त आणलं असणार, आणल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. कुठलं आणि कधी, त्याचा दप्तरी पुरावा नाही. आज ‘ट्रम्पच्या थेट वंशातलं पिल्लू’ म्हणून कुणी किंमत सांगितली तर तो गोष्ट विकतो आहे असं समजावं. माझं मत विचाराल तर या जातीत पिढ्यान्‌पिढ्या उतरलेला वारसा रक्ताचा कमी आणि निवडीचा जास्त आहे: कुठला कुत्रा ठेवायचा, कुठला नाही, हे ठरवायची एक सवय.

खुद्द रसेल कागदाचा शत्रू नव्हता. १८७३ साली लंडनला केनेल क्लब स्थापन झाला तेव्हा तो सुरुवातीच्या सभासदांत होता आणि प्रदर्शनात फॉक्स टेरियरांचा परीक्षकही झाला. स्वतःचे कुत्रे मात्र त्याने प्रदर्शनात उतरवले नाहीत. त्याच काळात फॉक्स टेरियर ही कागदावरची जात झपाट्याने घडत होती. १८७६ साली तिचा क्लब निघाला, आदर्श लिहिला गेला, वंशावळीची वही उघडली आणि बाहेरच्यांना बंद झाली. बेल्ग्रेव्ह जो नावाचा कुत्रा १८६८ ते १८८८ असा जवळजवळ वीस वर्षं जगला आणि त्याचं रक्त या जातीत इतकं पसरलं की मेल्यावर त्याचा सांगाडा केनेल क्लबने काचेच्या पेटीत जपला. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात १९०७ पासून सलग तीन वर्षं सर्वश्रेष्ठ ठरली ती वॉरेन रेमेडी नावाची फॉक्स टेरियर कुत्री. डोकं लांबट, खांदे ताठ, दिसायला राजबिंडं जनावर. बिळात किती जणांनी पाऊल टाकलं असेल, देव जाणे.

रसेलच्या तऱ्हेचे कुत्रे या झगमगाटाबाहेर राहिले. आर्थर हाइनमन या शिकारी माणसाने १८९४ मध्ये बॅजरच्या शिकारीसाठी क्लब काढला आणि पुढे रसेलच्या टेरियरांचा पहिला लेखी आदर्श तयार केला. बॅजर खोकडासारखा पळत नाही. जागा धरून बसतो, चावतो आणि वजनाने दुप्पट असतो. त्याच्यापुढे टिकायला जाड हाडाचा कुत्रा लागतो, म्हणून या काळात बुल टेरियरचं रक्त मिसळलं असं जाणकार सांगतात. १९३० साली हाइनमन गेला आणि त्याच्या श्वानगृहाचं काम अॅनी हॅरिस हिने पुढे चालवलं. मग दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर क्लब बुडाला, आणि ‘जॅक रसेल’ हे नाव मोकाट सुटलं. तबेल्यात उंदीर मारणारा कुठलाही पांढरा, डागाळलेला, बुटका कुत्रा जॅक रसेल झाला. कुणी कॉर्गीशी संकर केला, कुणी आणखी कशाशी.

नाव मोठं झालं की भाऊबंदकी येतेच. १९७४ साली ब्रिटनमध्ये आणि १९७६ साली अमेरिकेत जॅक रसेल क्लब निघाले, तेही केनेल क्लबांना चार हात दूर ठेवून. दुसऱ्या गटाला मात्र मान्यता हवी होती. ब्रिटिश केनेल क्लबने ती १९९० मध्ये ‘पार्सन जॅक रसेल’ या नावाने लांब पायांच्या कुत्र्यांना दिली आणि १९९९ मध्ये नावातला ‘जॅक’ काढून टाकला. बुटके भाऊ ऑस्ट्रेलियात वाढले, तिथे त्यांची घडी बसली, आणि २००० साली आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने त्यांना जॅक रसेल म्हणून घेतलं. ब्रिटनने हे मानायला २०१६ उजाडलं. अमेरिकेत पार्सन वेगळा आणि नुसता ‘रसेल टेरियर’ वेगळा. म्हणजे लांब पाय, पार्सन. आखूड पाय, जॅक. आणि स्वतंत्र क्लबवाल्यांच्या लेखी दोघेही तोतये.

यात अमेरिकेतल्या स्वतंत्र क्लबची पद्धत मला विचार करण्याजोगी वाटते. तिथे आईबाप नोंदलेले आहेत म्हणून सगळं वेत आपोआप नोंदलं जात नाही. पिल्लू वर्षाचं होऊ द्यायचं, पशुवैद्याकडून तपासून घ्यायचं, मग ते एकटं आपल्या गुणांवर अर्ज करणार. शिवाय जवळच्या नात्यातून झालेल्या पैदाशीवर सोळा टक्क्यांची मर्यादा. हा आकडा आपल्याला परका वाटायचं कारण नाही. मामेबहिणीशी लग्न केलं तर मुलांत तो सव्वासहा टक्के येतो. सावत्र बहीणभावांची पिल्लं साडेबारा टक्के, म्हणजे आत. सख्ख्या भावंडांची किंवा बाप-लेकीची पंचवीस, म्हणजे बाहेर. सगोत्र-सपिंड पाहणाऱ्या आपल्या आज्यांनी हा नियम वाचून मान डोलावली असती.

गुण पक्का करण्याचा जुना रस्ता जवळच्या नात्यातूनच जातो, हे खरं. पण त्याच रस्त्याने दोषही पक्के होतात. टेरियरांत डोळ्याचं भिंग जागेवरून निसटण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यामागचा जनुकीय दोष २०१० च्या सुमारास सापडला आणि तो टेरियरांच्या कितीतरी जातींत निघाला, अर्थात जाती वेगळ्या झाल्या त्याच्या आधीचा. दोष एकाच बाजूने आला तर कुत्रा सहसा ठणठणीत असतो. असे दोन ठणठणीत एकत्र आले की चारांत एका पिल्लाला धोका. लक्षणं दिसतात तिसऱ्या वर्षानंतर, तोपर्यंत कुत्र्याची दोन-तीन वेतं झालेली. चालताना तोल जाण्याचा आजारही या कुळात आहे. दोन्हींसाठी आज गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून चाचणी होते. रसेलला हे कळण्याचा मार्ग नव्हता. आजच्या विक्रेत्याला ती सबब नाही.

आपल्याकडे टेरियर आले ते गोऱ्या अंमलदारांबरोबर. छावणीतले तरुण अधिकारी टेरियर, हाउंड, गावठी, जे हाती लागेल ते गोळा करून कोल्ह्यांमागे धावत. अशा टोळीला ‘बॉबरी पॅक’ म्हणत. बॉबरी म्हणजे गोंधळ, आणि हॉब्सन-जॉब्सन या कोशाच्या मते त्याचं मूळ आपल्या ‘बाप रे’मध्ये आहे! कुत्र्यांच्या इतिहासाला इतकी चपखल देणगी आपण दुसरी दिलेली नसावी.

मराठी घरातला सर्वांत ओळखीचा टेरियर मात्र कधी भुंकला नाही. नाट्यगीतांच्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर मान वाकडी करून बसलेला तो निपर. ब्रिस्टलचा, १८८४ चा. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चावे काढायचा म्हणून हे नाव. १८९५ मध्ये तो मेला आणि त्यानंतर तीन वर्षांनी फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने त्याचं चित्र पुरं केलं. त्याला कुणी जॅक रसेल म्हणतं, कुणी फॉक्स टेरियर, बहुधा मिसळच.

नावाची भांडणंही आपल्याला नवी नाहीत. मराठवाडा-सोलापूरकडचा आपला कारवानी आणि मुधोळच्या घोरपडे संस्थानाने नावारूपाला आणलेला मुधोळ हाउंड हे एकच, असं बहुतेक जाणकार मानतात. पण एक केनेल क्लब त्याला कॅरावान म्हणून नोंदवतो, दुसरा मुधोळ म्हणून. धनगराच्या कुत्र्याला ससा पकडताना याने फरक पडत नाही.

इंग्लंडात १८ फेब्रुवारी २००५ पासून कुत्र्यांकरवी खोकडाची शिकार कायद्याने बंद आहे. शिकारीसाठी पाळलेल्या पक्ष्यांच्या रक्षणापुरता, अटी घालून, एका वेळी एक टेरियर बिळात सोडता येतो. त्यामुळे बहुतेक जॅक रसेल आता बिनकामाचे. ‘द मास्क’ किंवा ‘द आर्टिस्ट’ पाहून लोक तो घेतात आणि मग थक्क होतात. सिनेमातला कुत्रा दिवसभर तालमीत असतो. घरातला दिवसभर एकटा असतो.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांकडे एक आहे. गॅलरीतल्या एकूण एक कुंड्या त्याने उकरल्या, तुळससुद्धा सोडली नाही. हा लेख लिहिताना राहवेना म्हणून मी खाली गेलो.

“काका, याला जरा उचलून बघू?”

“बघा. चावला तर माझ्याकडे यायचं नाही.”

पुढच्या पायांमागून दोन्ही हात घातले. खाली बोटं भिडली. वर अंगठ्यांमध्ये चांगलं दोन बोटांचं अंतर राहिलं.

“पोळी-तूप,” काका म्हणाले.