नांदूरमध्यमेश्वर : गाळातून उभे राहिलेले अभयारण्य

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा एकत्र येतात, तिथे 1907 ते 1913 या काळात दगडी बंधारा बांधला गेला. डाव्या-उजव्या कालव्यांतून कोपरगाव, राहात्याकडच्या शेतीला पाणी द्यायचे होते. पक्षी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. पण पुरांनी गाळ आणून टाकला, फुगवटा उथळ झाला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ हा तोटाच. त्याच गाळाने नांदूरमध्यमेश्वर घडवले. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीतले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ म्हणून 2020 च्या जानेवारीत जाहीर झाले.

हिवाळ्यात सकाळी चापडगावच्या बाजूने पाहावे. थापट्या बदक पसरट चोचीने पाण्याचा वरचा थर गाळत जाते. चमचा पक्षी गुडघाभर पाण्यात अर्धवट उघडी चोच डावी-उजवीकडे फिरवतो; मासोळी लागली की मिटतो. कालव्याचे आवर्तन सुटले की पातळी उतरते, ओला चिखल उघडा पडतो आणि तुतवार, शेकाटे तिथे टिपायला धावतात. वीतभर पाण्याने पंगत बदलते. इथल्या पक्ष्यांचे भवितव्य वन विभागाइतकेच जलसंपदा विभागाच्याही हातात आहे.

यातली कितीतरी बदके मध्य आशिया, सायबेरियातून येतात. त्यांच्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावर तीस देश आहेत. 2024 मध्ये समरकंदला झालेल्या स्थलांतरित प्रजातींच्या परिषदेत या देशांच्या कामाचा समन्वय भारतातून करायचे ठरले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील देशांनी समुद्राच्या बाबतीत असे शहाणपण बरेच आधी दाखवले. केनिया, टांझानिया, मोझांबिकसारख्या देशांचा नैरोबी करार 1985 चा आहे. एकाच्या किनाऱ्यावरची घाण प्रवाहाबरोबर शेजाऱ्याकडे जाते, म्हणून समुद्र मिळून राखायचा, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे तर सरहद्दही आड येत नाही. नाशिक शहर वरच्या अंगाला, नांदूरमध्यमेश्वर खाली, त्याच नदीवर. शहराचे सांडपाणी गोदावरीत मिसळले की त्यातल्या खतावर जलपर्णी फोफावते, उघडे पाणी झाकून टाकते आणि बदकांना उतरायला जागा उरत नाही. ती काढण्यावर खर्च होतो. पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने गोदावरीच्या शुद्धीकरणाच्या योजना आखल्या जात आहेत. पाण्याची तपासणी शहरातल्या रामकुंडावर थांबवू नये. चापडगावपर्यंत न्यावी आणि तिथले आकडे दर महिन्याला जाहीर करावेत.