घाटाखालची लोकर

रत्नागिरीहून निघालेला रस्ता हातखंब्यास मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, काही मैल त्याच्याच संगतीने दक्षिणेस जातो आणि पाली येथे त्याची रजा घेऊन, नाणीज, साखरपा अशी गावे मागे टाकीत, आंबा घाट चढून कोल्हापूरच्या मुलखात शिरतो. (अष्टविनायकांतल्या बल्लाळेश्वराची पाली ती रायगड जिल्ह्यातली, ही पाली लक्ष्मीपल्लीनाथाची.) पालीच्या या तिठ्यावर उभे राहून लोकरीचा विचार केला, तर घाटाचा कडा ही केवळ भूगोलाची सरहद्द राहत नाही. वर, देशावर, मेंढरांचे कळप आहेत, त्यांची लोकर कातरून घोंगडी विणणारे सनगर आहेत. खाली, जेथे वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे मेंढरू टिकत नाही आणि सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर राहणारा गवळी-धनगरसुद्धा म्हशींवर गुजराण करतो. कोकणाला लोकर ठाऊक होती ती घाट उतरून आलेल्या घोंगडीच्या रूपाने, आणि तीही थंडीसाठी फारशी नव्हे, तर डोक्यावरून खोळ करून पावसात शेतावर जाण्यासाठी.

ज्या प्रदेशात पौष-माघातल्या पहाटेलाही एखादी चादर पुरते, तेथे दोन सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन बसणारी स्त्री कोणासाठी विणीत असेल? स्वेटर येथे मुंबईला किंवा घाटावर जाणाऱ्याच्या सामानात असतो. एरवी तो कपाटात कसरीच्या हवाली होतो. या प्रश्नाचे उत्तर बाळंतविड्यात सापडते. कुंची, टोपडे, पायमोजे, अंगडे, दुपटे हा जो नवजात अर्भकाचा सरंजाम आजोळाहून वा आत्या-मावशांकडून येतो, त्यात लोकरीला कोकणातही अढळ स्थान मिळाले, कारण पावसाळी दमट वाऱ्यापासून कान झाकावयाचे ते तान्ह्याचेच. घाटाखाली लोकरीचा खरा मालक म्हटला तर तो एवढासा जीव. आणि हे एकदा कबूल केले, म्हणजे त्याच्याच लोकरीतून त्याच्यासाठी ससा, हत्ती किंवा कासव विणणे हा वेळ घालविण्याचा उद्योग न राहता त्या विद्येचा सर्वांत सयुक्तिक उपयोग ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी नाही. माग हजारो वर्षांचा. परंतु एकाच अखंड धाग्याचे फासे एकमेकांत ओवून वस्त्र सिद्ध करण्याची ही रीत युरोपीय लोकांबरोबर आली, मिशनच्या शाळांतून आणि पुढे 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनासारख्या संस्थांच्या काळात शिवण-विणकाम हा मुलींच्या शिक्षणाचा शिरस्त्याचा भाग बनला, आणि नंतर स्त्रियांसाठी निघालेल्या मासिकांनी ‘दोन सुलट, दोन उलट’ ही भाषा खेडोपाडी पोहोचविली. मात्र विणकाम म्हणजे थंड देशाची कला, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे तिला इतिहासाचा आधार थोडाच मिळतो. सुयांवर विणलेली जी सर्वांत जुनी वस्त्रे आज उपलब्ध आहेत, ती इजिप्तमधली, सुमारे आठ-नऊशे वर्षांपूर्वीची. त्यांत निळीच्या आणि पांढऱ्या रंगाच्या सुती धाग्यांचे नक्षीदार पायमोजे आहेत. म्हणजे उष्ण देशात, कापसाच्या सुतावर विणकाम करणे ही काही कोकणवासीयांनी घ्यावयाची नवी मुभा नव्हे.

प्राणी विणण्याची हौस मराठी घरांत नव्हती असे मात्र नाही. ती होती, आणि तिचे ठिकाण होते रुखवत. लग्नाच्या मांडवात मणीकामाची तोरणे, क्रोशाचे रुमाल आणि साखरेच्या खेळण्यांशेजारी लोकरीच्या गोंड्यांचे एक कुत्रे हटकून बसलेले असे. पुष्कळदा त्याच्या पोटात रिकामी बाटली, पायांत तार, डोळ्यांच्या जागी काळे मणी आणि जिभेच्या जागी लाल कापडाचा डिंकाने चिकटवलेला तुकडा असे. लग्न उरकल्यावर हे श्वान काचेच्या कपाटात कायमच्या वास्तव्यास जाई, त्याच्या अंगावर प्लास्टिकची पिशवी चढे, आणि पुढे त्या घरात जन्मास आलेल्या मुलाने त्याच्याकडे बोट दाखविले तर ‘हात लावू नकोस, खराब होईल’ हा हुकूम सुटे. एखाद्या खेळण्यावर याहून मोठा अन्याय कल्पिता येत नाही. करणारीचे कौशल्य वादातीत होते. पण ते पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी खर्ची पडलेले होते. मुलाच्या हातासाठी, आणि वयाच्या पहिल्या दोन वर्षांत मुख्यतः मुलाच्या तोंडासाठी, जो प्राणी विणावयाचा त्याची रचना मुळापासून वेगळी करावी लागते. त्यात तार नको, बाटली नको, डिंक नको, मणी नको. तो पिळता आला पाहिजे, आपटता आला पाहिजे आणि धुता आला पाहिजे.

असा प्राणी करणे किती सोपे आहे हे समजण्यासाठी एका चौकोनापासून होणारा ससा पाहावा. दहा नंबरच्या सुया आणि चारपदरी लोकर घ्यावी. (आपल्या बाजारात सुयांचे नंबर अद्याप जुन्या इंग्रजी पद्धतीने चालतात, त्यात आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नवशिकीने ध्यानात ठेवावे, दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर.) सुईवर तीस टाके घालून प्रत्येक ओळ सुलटच विणीत जावे. या विणीत ओळी टाक्यांच्या दुप्पट झाल्या की लांबी-रुंदी सारखी होते, म्हणून साठ ओळींच्या सुमारास टाके बंद केले की हातात एक चौकोन येतो, ज्याच्यात सशाचे कोणतेही चिन्ह दिसत नाही. आता बोथट टोकाच्या, मोठ्या नाकाच्या सुईत त्याच लोकरीचा पदर ओवून, चौकोनाच्या निम्म्या उंचीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ धावदोरा घालावा. तेथून तिरके वर चढून वरच्या कडेचा मध्य गाठावा आणि पुन्हा तिरके खाली उतरून जेथून निघालो तेथे यावे. चौकोनाच्या वरच्या अर्ध्या भागात असा एक त्रिकोण आखला गेला की त्याच्या मध्यावर कापसाचा एक घट्ट गोळा ठेवून दोरा ओढावा. त्रिकोण गोळा होऊन कापसाभोवती मिटतो आणि त्याचे डोके होते; त्रिकोणाबाहेर उरलेले वरचे दोन कोपरे, कोणी न सांगता, कान होऊन उभे राहतात. खालचा अर्धा भाग पाठीशी आणून शिवला, त्यात कापूस भरून तळ चुणला आणि मागे विणीचीच एक चिमूट शेपटी म्हणून दोऱ्याने आवळली की ससा पुरा झाला. कातरी धाग्याचे टोक कापण्यापुरतीच लागली.

हे साधते याचे कारण विणीच्या स्वभावात आहे. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे ताठ असतात. त्यातून गोल डोके काढावयाचे तर कळ्या कापून जोडाव्या लागतात. विणलेल्या वस्त्रात मात्र फास्यात फासा अडकलेला असल्याने ते चारी बाजूंना ताणले जाते आणि ज्याला वेढावयाचे त्याचा आकार आपण होऊन घेते. परंतु याच गुणात एक दोषही दडलेला आहे: ताण पडला की फासे उघडतात आणि आतला कापूस बाहेर डोकावतो. म्हणून अनुभवी बायका खेळणे विणताना स्वेटरसाठी घेतात त्याहून दोन नंबर बारीक सुया घेतात आणि हात आवळून ठेवतात.

क्रोशाच्या सुईने हे काम अधिक घट्ट होते. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर जिवंत असतात व एक गळला तर थेट खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात एका वेळी एकच फासा उघडा, बाकीचे सारे आपापल्या जागी बंद. जपानी लोकांनी ‘अमिगुरुमी’ या नावाने जी लहान, मोठ्या डोक्याची खेळणी जगभर लोकप्रिय केली, ती बहुतेक याच सुईची, आणि त्यांचा सारा संसार मुक्या खांबावर चालतो. वर्तुळात सहा मुके खांब घालावेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन घालून बारा करावेत. पुढे अठरा, चोवीस, तीस असे दर फेरीस सहा वाढवीत गेले तर चकती सपाट राहते. छत्तीसावर वाढ थांबवून तेवढेच खांब चार-पाच फेऱ्या विणले की कड वळते आणि चकतीची वाटी होते. भूमितीचा हा पाठ इतक्या स्वच्छपणे फळ्यावरही शिकविता येणार नाही. ही वाटी उपडी घातली की कासवाची पाठ तयार झाली.

कासवाचा दाखला मुद्दामच घेतला आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच, मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभे केले, आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहावयास आता दुरून माणसे येतात. विणकामाच्या छापील कृती पाहाव्या तर त्यांत अस्वले, पेंग्विन आणि बर्फातली हरणे यांची गर्दी. त्यांच्याशी आमचे वैर नाही. पण पालीच्या मुलाच्या परसात जी खार फिरते, माडावरून जे वानर उडी टाकते, ज्या खवले मांजराची गोष्ट आजोबा सांगतात, त्यांना विणीत आणावयाचे कोणी? खवले मांजर तर क्रोशासाठीच जन्मले आहे, असे त्या खवल्यांच्या ओळी एकावर एक रचताना वाटते. शेजारच्या सावंतवाडीने आपली फळे आणि फुले लाकडात उतरवून चितारआळीचे नाव केले. लोकरीत आणि सुतात ते काम अद्याप व्हावयाचे आहे.

आता आत काय भरावे याविषयी. बाजारात मिळणारा कृत्रिम तंतूंचा कापूस हलका, लवकर वाळणारा आणि धुतल्यावर गोळे न होणारा असतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जेथे उशीसुद्धा ओलसर लागते, तेथे त्याची सोय नाकारण्यात शहाणपण नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात फुटणाऱ्या सावरीच्या बोंडांचा कापूस उशांसाठी पूर्वापार वापरतात. तो मऊ खरा, पण त्याचे तंतू आखूड व निसरडे असल्याने विणीच्या फटींतून सुटतात आणि मुलाच्या नाकातोंडात जातात. तो घालावयाचाच तर आधी मलमलीची लहान पिशवी शिवून तिच्यात बंदोबस्ताने भरावा. जिला आपण दुकानात बिनतक्रार लोकर म्हणून विकत घेतो, तीही हल्ली बहुधा मेंढीची नसून अॅक्रिलिकची असते. तिला कसर लागत नाही हा फायदा. विस्तवाशी ती वितळते हा तोटा. दात येणाऱ्या मुलासाठी सुती धागाच बरा: तो कढत पाण्यात धुता येतो, मात्र पुरा वाळल्याशिवाय ठेवला तर श्रावणात त्यावर बुरशी धरते.

सर्वांत जपावे ते डोळ्यांना. मणी किंवा गुंडी कितीही घट्ट शिवली तरी दातांपुढे दोरा टिकत नाही. भारतीय मानक 9873 मध्ये तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी जी कसोटी सांगितली आहे, तिच्यात 31.7 मिलिमीटर व्यासाच्या एका नळकांड्यात जो सुटा भाग मावतो तो धोक्याचा मानतात. गुंडीच काय, पण सुटलेला गोंडाही त्यात सहज मावेल. तेव्हा डोळे काळ्या धाग्याने भरावेत, शेपूट आणि कान विणीतूनच काढावेत. केंद्र सरकारचा 2020 चा खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा आदेश 1 जानेवारी 2021 पासून अमलात आला. त्यातून हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना सूट आहे. घरच्या नातवंडासाठी विणणाऱ्या आजीला या दफ्तराशी कर्तव्य नाही. पण ज्या बचतगटाला अशी खेळणी महामार्गावरच्या दुकानांत ठेवावयाची असतील त्याने नोंदणीची तजवीज आधी करावी. सूट कागदपत्रांतून मिळते. दातांच्या कसोटीतून कोणालाच नाही.

दूरदेशी या लहान प्राण्यांकडून मोठी कामे करून घेतली गेली आहेत. जर्मनीतल्या मार्गारेटे श्टाइफ यांनी टाचण्या टोचावयासाठी म्हणून कापडाचा हत्ती केला आणि मुलांनी तो खेळावयास पळविला, तेथून 1880 च्या सुमारास एक प्रचंड उद्योग सुरू झाला. डेन्मार्कमध्ये 2013 साली अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी क्रोशाचे सुती अष्टपाद विणण्याची चळवळ निघाली: मूल नाकातली नळी ओढण्याऐवजी त्याचे पाय धरून ठेवते, ते बहुधा त्यास नाळेसारखे भासतात, असा त्यामागचा तर्क. डॉक्टरांनी त्यास निश्चित पुरावा मानलेले नाही, आणि रुग्णालयाच्या परवानगीवाचून असा प्राणी कोणी पेटीत ठेवू नये. पण तेथल्या बायकांनी पाय ताणूनही बावीस सेंटिमीटरांहून लांब होऊ नयेत, म्हणजे अर्भकाच्या गळ्याभोवती गुंडाळले जाणार नाहीत, असा जो नियम घातला, तो आपल्याकडेही पाळण्यावर काही टांगणाऱ्या प्रत्येकीने पाठ करावा.

आपल्याकडे बाळंतविड्याबरोबर प्राणी देताना आणखी एक जिन्नस द्यावा, असे सुचवावेसे वाटते. त्याच लोकरीचा उरलेला लहानसा गुंडा कागदात बांधून, वर सुईचा नंबर लिहून, आईच्या हाती ठेवावा. डाव्या कानाचा चोथा वर्षाच्या आत व्हावयाचाच असतो, आणि त्या वेळी नेमकी तीच छटा रत्नागिरीच्या कोणत्याही दुकानात मिळत नाही.