शेजारी कोणास म्हणावें?

आजच्या भाषणाचा विषय ख्रिस्ताची शिकवण हा असला, तरी तिच्या तत्त्वज्ञानाचा ऊहापोह करण्याचा माझा विचार नाहीं. ती शिकवण घरांत, बाजारांत व रस्त्यावर आचरणांत आणावयाची झाल्यास माणसास नेमकें काय करावें लागतें, एवढाच प्रश्न श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे. मी ख्रिस्ती नाहीं. सारें आयुष्य कागलास मुलांना शिकविण्यांत गेलें. परंतु जो उपदेश आपल्याच मुलखांत कांहीं माणसांनीं कृतींत उतरवून दाखविला, त्याकडे परका म्हणून पाठ फिरविणें सुशिक्षितास शोभणार नाहीं.

ही शिकवण समजावयास अगदीं सोपी आहे. देवाविषयीं भक्ति आणि शेजाऱ्याविषयीं स्वतःइतकीच आस्था, हें तिचें सार. डोंगरावरील प्रवचनांत तिचा विस्तार आढळतो. सूड घेऊं नये, शत्रूचेंही हित चिंतावें, दान गुपचूप करावें, दुसऱ्याचे दोष काढण्यापूर्वीं आपल्याकडे पाहावें, आणि शपथेची गरज पडूं नये इतकें सरळ बोलावें. गांधीजींनीं विद्यार्थिदशेंत विलायतेंत हें प्रवचन वाचलें व तें त्यांच्या मनास जाऊन भिडलें. आपल्या संतांचा उपदेशही याच्या फार जवळचा आहे. मग अडतें कोठें? अडतें तें 'शेजारी' या एका शब्दापाशीं.

हाच प्रश्न एका शास्त्र्यानें ख्रिस्तास विचारला, तेव्हां त्यानें व्याख्या न करतां एक गोष्ट सांगितली. यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या एका वाटसरूस चोरांनीं लुटून अर्धमेला करून टाकलें. त्याच वाटेनें एक याजक व एक लेवी, म्हणजे देवळाचे दोन सेवक, गेले; दोघेही बाजूनें निघून गेले. मागून एक शोमरोनी आला. यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानीत. पण तोच थांबला. त्यानें जखमांस तेल व द्राक्षारस लावला, पट्टया बांधल्या, जखमी माणसास आपल्या जनावरावर बसविलें, धर्मशाळेंत नेऊन रात्रभर शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशीं धर्मशाळेच्या मालकास पैसे दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना भरीन असें सांगितलें.

या गोष्टींत त्या माणसास काय वाटलें, याचें वर्णन जेमतेम एका शब्दाचें आहे. त्यानें काय केलें, याचा मात्र पुरता हिशेब आहे. तेल, पट्टया, वाहन, रोख पैसा आणि पुन्हां येण्याचें वचन, यांत प्रेमाचें माप आहे. नुसती हळहळ कदाचित् त्या याजकासही वाटली असेल.

असली एक धर्मशाळा आम्हां कागलकरांस दूर शोधावयास नको. विल्यम जेम्स वॉन्लेस या नांवाचा कॅनडांत जन्मलेला तरुण डॉक्टर सन १८८९ मध्यें या देशांत आला. सन १८९४ मध्यें मिरजेस त्याचें रुग्णालय उभें राहिलें आणि सन १८९७ मध्यें तेथेंच वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग निघाला. या दुसऱ्या गोष्टीचें महत्त्व मला अधिक वाटतें. रोगी बरा करणें ही दया झाली. पण आपण नसतांनाही रोगी बरे व्हावेत म्हणून येथल्याच तरुणांस ती विद्या शिकविणें, ही दयेची व्यवस्था झाली. क्षयरोग्यांस व महारोग्यांस ज्या काळीं घरचे लोकही दूर ठेवीत, त्या काळीं त्यांच्या उपचाराची सोय मिरजेच्या परिसरांत झाली. सांगली-मिरजेच्या दरम्यान वानलेसवाडी हें गांव आजही त्याच्या नांवानें ओळखलें जातें.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण याहून कठीण आहे. सन १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला व सन १८८९ मध्यें मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें. पुढें सदनांतील मुलींवर धर्मांतराचा प्रभाव पडतो या वादांतून सन १८९३ मध्यें न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. सेवेच्या पोटीं धर्मप्रसाराचा हेतु असावा कीं नाहीं, हा वाद खरा आहे व तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु सन १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत उपाशी फिरणाऱ्या मुलींना गोळा करून केडगांवास आणावयास रमाबाईच गेल्या, हेंही तितकेंच खरें आहे. मुक्तिसदनांत त्यांनीं त्या मुलींना अन्नाबरोबर शेती, विणकाम, छापखान्याचें काम असे स्वतःच्या पायांवर उभें करणारे उद्योग शिकविले.

घरांतला शेजारधर्म याहून सूक्ष्म असतो. कवि नारायण वामन टिळक सन १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसांत दुभंगला. कांहीं वर्षें त्या पतीपासून दूर राहिल्या. परत आल्यावरही त्यांनीं आपलें सोवळें-ओवळें चालू ठेवलें व टिळकांनीं त्यांवर जबरदस्ती केली नाहीं. पुढें लक्ष्मीबाईंच्या मनानेंच जातिभेदाचा त्याग केला आणि सन १९०० मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या 'स्मृतिचित्रें' या आत्मकथेंतून हें सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. आपल्यास पटलेलें सत्य दुसऱ्याच्या गळीं न उतरवितां वाट पाहणें, हेंही आचरणच होय.

अर्थात् नांवानें ख्रिस्ती असलेल्या सर्वांनीं ही शिकवण पाळली असें नाहीं. दक्षिणेंत कित्येक ठिकाणीं प्रार्थनामंदिरांत जातवार बसण्याची चाल राहिली. स्मशानभूमींतही भिंती उभ्या राहिल्या. उलटपक्षीं, नांवानें ख्रिस्ती नसलेला माणूसही ती पाळूं शकतो. आमच्या कागलच्या घाटगे घराण्यांत जन्मलेल्या शाहू महाराजांनीं गंगाराम कांबळे यांस कोल्हापुरांत चहाचें दुकान काढण्यास साह्य केलें आणि स्वतः तेथें जाऊन चहा घेतला. कायद्यानें जें काम सावकाश झालें असतें, तें एका पेल्यानें लोकांच्या डोळ्यांसमोर झालें.

आतां आपल्या घरांकडे वळूं. मोलकरणीचा कप अद्यापि वेगळा ठेवला जातो काय? तिचा पगार ठरल्या दिवशीं मिळतो, कीं तिला दोनदां आठवण करावी लागते? भाजीवाल्या बाईशीं दोन रुपयांकरितां घासाघीस करणारा गृहस्थ मोठ्या दुकानांत मुकाट्यानें सांगितलेली किंमत देतो, तें कां? शेताच्या बांधावरून भावाभावांत पडलेला दावा दोन पिढ्या चालतो. पहिला समजुतीचा शब्द कोणीं काढावा? 'ज्याची चूक त्यानें' हें याचें नेहमींचें उत्तर आहे. ख्रिस्ताचें उत्तर असें कीं, ज्यास ही गोष्ट प्रथम आठवेल त्यानें. देवापुढें अर्पण ठेवावयास निघाला असला तरी तें तेथेंच ठेवून आधीं भावाकडे जावें.

यांतील कोणत्याही गोष्टीस धर्म बदलावा लागत नाहीं. संवय मात्र बदलावी लागते, आणि तेंच अधिक अवघड आहे. वर्गांत मुलांना मी सांगत असें कीं, गणिताची रीत पाठ असणें आणि उदाहरण सुटणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेजारधर्माची रीत आपणां सर्वांस पाठ आहे. उदाहरणें रोज दारीं येतात. त्यांपैकीं एक तरी आज सोडवून पाहावें, एवढीच विनंती.