गल्लीखालची नदी

दिवाळीच्या सुमारास मुंबईच्या गल्लीबोळांत दोन गोष्टी हमखास दिसू लागतात: वर आकाशकंदील आणि खाली खणलेला रस्ता! पाऊस सरला की खोदकामाला हात लागतो आणि मृगापूर्वी ते आटोपायचे असते. फराळाचे डबे सावरीत फळीवरून खड्डा ओलांडताना आपण मुकादमाला मनातल्या मनात चार शब्द सुनावतो. पण त्या खड्ड्यात उतरणारे सिमेंटचे मोठाले नळ जर पावसाच्या पाण्याचे असतील, तर पुढच्या आषाढात तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांना गाद्या माळ्यावर चढवाव्या लागणार की नाही, हे तिथेच ठरत असते. म्हणून या कामाकडे जरा आस्थेने पाहायला हवे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपण सरसकट ‘गटार’ म्हणतो. पण शहराच्या पोटात दोन निरनिराळ्या व्यवस्था असतात. एक मोरी-संडासाचे पाणी मलनिस्सारण केंद्राकडे नेते. दुसरी फक्त पावसाचे पाणी वाहते आणि ते नाल्यावाटे थेट समुद्राला देते. कुणी आपल्या मोरीचा नळ गुपचूप या दुसरीला जोडला, तर ती घाण जशीच्या तशी खाडीत जाते आणि वाटेत पावसाच्या पाण्याची जागा अडवते, ती निराळीच.

पाण्याचा हिशेब

दोनशे मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशी एक साधी गल्ली घ्या. तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर नुसत्या रस्त्यावर पन्नास हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे पाच टँकर! गच्च्या आणि अंगणे यांचे पाणी वेगळेच.

हा २५ मिलिमीटरचा आकडा सहज घेतलेला नाही. मुंबईची जुनी गटारे बांधताना हेच माप धरले होते, आणि तेही समुद्राला ओहोटी असताना. शिवाय पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरेल, असा त्यात हिशेब होता. त्या काळी तो खोटा नव्हता. घराभोवती वाडी होती, नारळी होत्या, मातीचे अंगण होते. आज वाडीच्या जागी इमारत आली, अंगणावर फरशी आली आणि माती कुंडीपुरती उरली! मुरणारे पाणी आता रस्त्यावर येते. पाऊस तेवढाच पडला, तरी गटारावरचा बोजा जवळजवळ दुप्पट झाला.

त्यात मुंबई पडली सात बेटे जोडून, समुद्र हटवून वसवलेली. तिचे कित्येक भाग भरतीच्या पातळीहून खाली आहेत. गटारे समुद्राला मिळतात ती तोंडे, म्हणजे पातमुखे, पावणेदोनशेहून अधिक. त्यांतली बरीचशी भरतीत बुडतात. मग पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत शिरू पाहतो. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली, की हिंदमाता का तुंबते याचे उत्तर मिळते.

१९८५ च्या पुरानंतर या प्रश्नाचा कसून अभ्यास सुरू झाला आणि १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाचा आराखडा तयार झाला. गटारांची क्षमता तासाला ५० मिलिमीटर करावी, असे त्यात सुचवले होते. पण काम रेंगाळले. पुढे २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दिवशी कुलाब्याला मात्र अवघा ७३! मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. इतका पाऊस पोटात घेईल असे गटार कुणीच बांधू शकत नाही, हे खरे. पण त्या दिवसानंतर कागदावरचे काम जमिनीवर उतरू लागले. माधव चितळे यांच्या समितीने कारणांचा शोध घेतला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे भरतीतही पाणी समुद्रात फेकणारी पंपिंग स्टेशने उभी राहिली. हिंदमातेचे पाणी ओहोटीपर्यंत धरून ठेवण्यासाठी परळ-दादर भागातल्या मैदानांखाली टाक्या बांधल्या गेल्या.

खड्ड्यात काय चालते?

आता आपल्या गल्लीतले काम पाहू. नवे गटार नेहमी खालच्या टोकापासून, म्हणजे नाल्याच्या बाजूने, वर बांधीत आणायचे असते. उलट केले, तर पाणी यायला वाट आहे पण जायला नाही, अशी गत! खड्ड्याच्या तळाला काँक्रीटचा थर घालून त्यावर नळ बसवतात. सारी मेख उतारात असते. पाणी सेकंदाला सुमारे पाऊण मीटर तरी धावले पाहिजे. त्याहून मंदावले की वाळू आणि गाळ तळाशी बसतो. फार वेगाने धावले, तर गटारच झिजते.

रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर जाळीचे खड्डे असतात. त्यांचा तळ नळाहून खोल ठेवतात, म्हणजे गाळ तिथेच थांबतो. तो वेळेवर उपसला नाही, तर कोट्यवधी रुपयांची योजना एका प्लॅस्टिकच्या पिशवीपुढे हात टेकते!

आणखी एक गोष्ट. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकीत गेले, की रस्ता वर येतो आणि तळमजला खाली जातो. मग गटार कितीही उत्तम असो, पाण्याला घराची वाट सोपी वाटते. म्हणून काम चालू असतानाच सोसायटीच्या सेक्रेटरीने तीन प्रश्न विचारावेत: हे गटार पुढे कुठल्या नाल्याला मिळते? रस्ता किती उंच होणार? जाळ्या कोण आणि केव्हा साफ करणार?

मात्र पाणी तुंबले म्हणून मॅनहोलचे झाकण आपल्या हाताने कधीही उघडू नये. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टन परिसरात गुडघाभर पाण्यातून घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये नाहीसे झाले. त्यांचा मृतदेह दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याकडे सापडला. त्यानंतर मॅनहोलना आतून संरक्षक जाळ्या बसवण्याचे काम सुरू झाले. झाकणाखाली केवढा ओढा वाहतो, ते अशा वेळी कळते.

खालच्या गल्लीचे काय?

आपल्या गल्लीतले पाणी ओसरले म्हणजे ते नाहीसे झाले, असे नव्हे. ते खालच्या गल्लीत गेले. वरच्या आळीने आपले गटार दुप्पट केले आणि खालचा नाला तेवढाच राहिला, तर आपले सुख हे शेजाऱ्याचे दुःख ठरते. यावर इलाज पालिकेच्या हाती आहे, तसा थोडा आपल्याही हाती आहे. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पावसात अडीच हजार लिटर पाणी पडते. ते टाकीत साठवले किंवा शोषखड्ड्यात मुरवले, तर तेवढे गटारात जात नाही. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना अशी सोय सक्तीची झाली. जुन्या इमारतींना ती करायला कुणाची मनाई नाही. अंगणाची सगळीच जमीन फरशीखाली न घालता झाडांभोवती थोडी माती मोकळी ठेवली, तर तीही आपला वाटा उचलते.

जमिनीखालचे काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचे उद्घाटनही सहसा गाजत नाही. पण आषाढातल्या एखाद्या धुवांधार रात्री तळमजल्यावरचे म्हातारे जोडपे दिवा मालवून निर्धास्त झोपले, तर त्या खड्ड्याचे, खोदणाऱ्या हातांचे आणि वरच्या मजल्यांवरच्या शहाण्या शेजाऱ्यांचे चीज झाले, असे खुशाल समजावे.